झाऱ्यावरचा उझबेकी ओ

मी आयुष्यभर लोकांची नावं घातली. भांड्यांवर. कल्याणला भांड्यांच्या दुकानाबाहेर पायरीवर माझी जागा होती. गिऱ्हाईक आतून ताट, तांब्या, डबा घेऊन यायचं, कागदावर लिहून आणलेलं नाव माझ्यापुढे धरायचं आणि मी मशीन चालू करायचो. शिक्षण चौथी पास. चौथीपर्यंत सगळी अक्षरं येतात, मला तेवढीच लागायची. इथे लिहिताना मात्र कुणाचंच नाव घालणार नाही. माझं नाही, बायकोचं नाही, शेजाऱ्याचंही नाही. पुष्कळ घातली.

बायको गेल्या थंडीत मेली. मुलाने सगळ्यांना इंग्रजीत मेसेज पाठवला, त्यात काहीतरी गोड शब्द होता. मला विचारायला कुणी आलं की मी सरळ सांगायचो, मेली, हार्ट बंद पडलं. लोकांना ते बरं वाटायचं नाही. एक बाई तर म्हणाल्या, काका, असं नका म्हणू. मग काय म्हणू? घरी झोपलीय म्हणू?

आम्ही दोघं परदेशात मुलाकडे, क्वेकर्स हिलला राहायला आलो तेव्हा मी म्हणालो होतो, महिनाभर बघू, नाही जमलं तर परत. मला जमलं नाही आणि तिला लगेच जमलं. ट्रेनने एकटी ब्लॅकटाउनला जायची, मेथी आणायची, येताना दोन-तीन बायकांची ओळख करून यायची. इंग्रजी शून्य. तरी समोरच्याला हिचं सगळं कळायचं. तिच्यामुळे मी राहिलो. आता ती नाही आणि मी आहे, हे उलटं झालं.

पहिला स्मृतिदिन जवळ आला. सुनेने सगळं ठरवलं. रविवारी हॉल घ्यायचा, वंदना, पुण्यानुमोदन, मग जेवण. आणि येणाऱ्या प्रत्येक घराला एक स्टीलची वाटी, नाव घातलेली. आमच्यात हे चालतं. माझ्या आईच्या वेळी आम्ही पेले वाटले होते, ते बायकोनेच निवडले होते. वाट्या मुंबईहून कुणाच्या तरी सामानातून आल्या, खोकंभर. मजकूर ठरलेला असतो. आधी 'कालकथित', म्हणजे वारलेले, पुढे माणसाचं नाव, खाली 'यांच्या स्मरणार्थ'.

मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही कशाला थंडीत गॅरेजात बसता? ब्लॅकटाउनला लेझरवाला आहे. सकाळी फाइल पाठवली की आर्वोला सगळ्या वाट्या हातात." इथे दुपारला आर्वो म्हणतात, तो आता घरातही म्हणतो.

"तुझ्या आईचं नाव मशीन घालणार?"

"तुमचंही मशीनच आहे ना."

"माझं माझ्या हातात धरून चालतं. त्याचं कुणाच्या हातात धरून चालतं?"

"कॉम्प्युटरच्या."

"मग त्या कॉम्प्युटरला सांग, आधी येऊन तिच्या हातची भाकरी खाऊन जा म्हणावं."

तो हसला. मग म्हणाला, "ठीक आहे, तुम्ही करा. पण शनिवार संध्याकाळपर्यंत झाल्या नाहीत तर मी उचलून त्याच्याकडे नेणार. लोकांच्या हातात अर्धवट वाट्या देता येणार नाहीत."

मी म्हटलं, ने.

काम अवघड नव्हतं. डोळे मिटून करीन असं काम. मशीन मी येताना पिशवीतून आणलेलं, एअरपोर्टला त्यांनी ते दोनदा उघडून बघितलं होतं. दिसायला जाड पेनासारखं, टोकाला सुई, बटण दाबलं की सुई थरथरते आणि टर्रर करत स्टीलवर बारीक ठिपक्यांची रेघ काढते. मी पहिली वाटी घेतली, फडक्याने पुसली, बुडावर सुई टेकवली. 'कालकथित'चा का काढायचा होता. हात गेला नाही. मी सुई उचलली आणि तेवढ्या शब्दाची जागा सोडून पुढे तिचं नाव घातलं. ते छान आलं. खाली 'यांच्या स्मरणार्थ' घातलं. दुसरी वाटी घेतली. तिच्यावरही जागा सोडून.

असं करत सगळं खोकं झालं. प्रत्येक वाटीवर तिचं नाव, त्याखालची ओळ, आणि नावाच्या आधी मोकळी जागा. मी स्वतःला सांगत होतो, एकदम शेवटी सगळ्यांवर तो एकच शब्द घालत सुटू, काम पटापट होतं. कारखान्यात करतात तसं. पण ते खोटं होतं. रोज जेवल्यावर गॅरेजात जायचो, एक वाटी घ्यायचो, सुई टेकवायचो आणि परत ठेवायचो. तोंडाने मेली मेली म्हणणारा मी. हात ऐकत नव्हता.

सुनेने एकदा वाटी बघितली. "बाबा, इथे पुढे जागा का सोडलीय?"

"घालायचंय."

"बरं." ती शहाणी आहे, पुढे बोलली नाही. पण मुलाला सांगितलं असणार, कारण शुक्रवारी जेवताना तो म्हणाला, "बाबा, उद्या शनिवार."

"मला कॅलेंडर वाचता येतं."

आता शेजाऱ्याचं सांगतो. डावीकडच्या घरात एक माणूस भाड्याने आला होता, उझबेकिस्तानचा. आधी मेलबर्नकडे क्रेगीबर्नला होता, मग कामासाठी इकडे आला. गोडाउनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. माझ्या मुलापेक्षा मोठा, माझ्यापेक्षा बराच लहान. मला 'ओता' म्हणतो, त्यांच्यात बापाच्या वयाच्या माणसाला तसं म्हणतात. हिंदी सिनेमे बघून बघून त्याला थोडं हिंदी येतं, उरलेलं इंग्रजी, आणि दोन्ही संपलं की हात. माझंही तेच. त्यामुळे आमचं चांगलं जमतं.

बुद्धपौर्णिमेला सुनेने त्याला डबाभर खीर दिली होती. डबा दोन दिवसांनी परत आला तो त्यांच्या पुलावाने भरलेला, गाजर घातलेला, तुपकट. त्याच्या घरातही रिकामा डबा परत देत नाहीत म्हणाला. देताना त्याने डबा माझ्यापुढे तिरका धरला आणि बुडाकडे बोट दाखवलं.

"ओता, ये क्या? स्क्रॅच?"

"स्क्रॅच काय! नेम आहे. माझ्या मिसेसचं."

"किसने किया?"

"मैंने. दुसरा कोण करेगा?"

त्याने अंगठा फिरवून बघितला. आंधळा माणूस फिरवतो तसा, हळू.

त्या शनिवारी दुपारी तो गॅरेजच्या दारात उभा राहिला. हातात एक झारा. आपल्याकडे बुंदी पाडायला असतो तसाच, भोकाभोकांचा, पण चपटा, आणि दांडा माझ्या हाताएवढा लांब. जुना होता. कडा झिजून पातळ झालेली.

"माय मदर," तो म्हणाला.

त्याची आई गल्लीत कुणाकडे लग्न असलं की पुलाव करायला जायची. म्हातारी वारली, बहिणीने झारा त्याला पाठवला. आता इथे त्यांची माणसं हॉलमध्ये जमतात, मोठ्या कढईत पुलाव शिजतो, आणि चार घरचे झारे एका बादलीत पडतात. मागच्या वेळी त्याच्या हातात भलत्याचाच झारा आला, आणि आईचा सापडायला दोन घरं हिंडावी लागली. म्हणून नाव हवं होतं.

मी म्हटलं, ये, बस. हे दुखणं मला माहीत आहे. चाळीत लग्न निघालं की सगळ्यांची पातेली एका मांडवात, आणि दुसऱ्या दिवशी नळावर बायकांचं भांडण. त्याच भांडणावर माझं पोट चाललं.

त्याने खिशातून एक पावती काढली आणि मागच्या बाजूला आईचं नाव लिहिलं. एबीसीडीतलंच. पहिलंच अक्षर बघून मी थांबलो. गोल ओ, आणि त्याच्या उजव्या खांद्याशी, वरच्या अंगाला, एक छोटंसं काहीतरी. उलटा स्वल्पविराम. इंग्रजी सहाचा आकडा मुंगीएवढा करून भरून टाकला तर दिसेल तसं.

"ये क्या? पेन गळतंय तुझं?"

"नो, नो! लेटर. वन लेटर." त्याने ओ आणि ते मुंगीएवढं मिळून एक गोल काढला. "टुगेदर."

मग त्याने ते म्हणून दाखवलं. ओ आणि उ यांच्या मधलं काहीतरी. मी म्हणून बघितलं. तो म्हणाला, नो. परत म्हटलं. नो. अजून एकदा म्हटलं तर म्हणाला, "नो वरीज, ओता." म्हणजे नादच सोडला. मी म्हटलं, मला बोलायचं नाहीये, घालायचंय.

मी मशीनची सुई बदलेपर्यंत तो सांगत होता. तो शाळेत होता तेव्हा त्यांच्याकडे रशियन अक्षरं होती, त्यात हेच अक्षर वाय सारखं होतं आणि डोक्यावर एक वाटी. मग देश वेगळा झाला, अक्षरं बदलली, वाटी गेली आणि खांद्यावर हे आलं. आईच्या जुन्या कागदांवर एक नाव दिसतं आणि नंतरच्या कागदांवर दुसरं. ऑफिसात लोक विचारायचे, ही बाई आणि ती बाई एकच कशावरून?

"मग तू काय सांगायचास?"

"आय से, मदर सेम. लेटर चेंज, चेंज, चेंज."

मी झारा मांडीवर घेतला. दांडा अरुंद, बोटाएवढा. माझ्या हाताला एक सवय आहे. दांडा असो नाहीतर ताटाची कड असो, मी वरच्या अंगाला थोडी जागा सोडतो. वेलांटी, मात्रा, टिंब, आपलं सगळं डोक्यावर बसतं ना. तशी सोडली. ओ काढला, गोल सुरेख आला. आणि हात आपोआप वर गेला आणि ते मुंगीएवढं त्याच्या बरोबर डोक्यावर बसवून मोकळा झाला. अनुस्वार दिल्यासारखं.

बटण सोडलं तेव्हा कळलं. स्टीलवर खोडरबर चालत नाही.

"अरे," मी म्हटलं. "चुकलं."

त्याने झारा उजेडात नेला. मला वाटलं, आता हा बोलणार. म्हातारीचा झारा, एकच, आणि मी त्यावर घाण केली. मी शिव्या खायची तयारी ठेवली होती. तो हसायला लागला. असा हसला की झारा भिंतीवर आपटला.

"ओता! यू नो, माय कंट्री, नाऊ बिग फाइट. सम पीपल से, ये साइड में नहीं. हेड पे रखो. टीव्ही पे रोज झगडा." त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली. "गव्हर्नमेंट थिंकिंग, थिंकिंग. यू फिनिश!"

"म्हणजे बरोबर आहे?"

"अभी राँग. मे बी आफ्टर, राइट."

"मग आता काय करू?"

"साइड में भी एक डालो."

खांद्यावर पण एक घातलं. डोक्यावर एक, खांद्यावर एक. पुढची अक्षरं नीट काढली, ती सोपी होती. तो म्हणाला, आईला आवडलं असतं, तिला दागिने आवडायचे. नाव झालं तसा मी विचारलं, "आगे कुछ? मेल्या माणसाच्या नावाआधी तुमच्यात काही लिहीत नाहीत?"

लिहितात म्हणाला. कबरीच्या दगडावर लिहितात. "पर इस पे नहीं. ये तो अभी काम करता है."

झारा काम करतो. मी मान हलवली. मग त्याचं लक्ष बाकावरच्या खोक्याकडे गेलं. त्याने एक वाटी उचलली, सवयीने उलटी केली, आणि त्या मोकळ्या जागेवर अंगठा फिरवला.

"यहाँ क्या? डिफिकल्ट लेटर?" त्याला वाटलं, त्याच्या ओसारखीच एखादी भानगड आमच्यातही आहे.

"लेटर नाही. पूरा वर्ड आहे. डेड असं लिहायचंय."

"मिसेस." सुनेने त्याला सांगितलेलं होतं. त्याने वाटी खाली ठेवली. मग परत उचलली. "तो मत लिखो. नेम इज गुड. ये भी काम करेगा. लोग दाल पिएंगे."

मला क्षणभर ते पटलं. खरंच नको लिहायला. नाव आहे, पुरे. मुलाला सांगू, उझबेकांच्यात असंच करतात. पण मी धंद्याचा माणूस, मला लगेच दुसरं दिसलं. मी त्याला सांगायला लागलो, आणि सांगता सांगताच ते मला पहिल्यांदा कळत गेलं.

"तुझा झारा तुझ्या घरात राहणार. उस पे मदर का नाम, ठीक है. ये वाटी दुसऱ्यांच्या घरात जाणार. वर नुसतं नाव असलं तर वाटी कुणाची?"

"मिसेस की."

"हां. मग चांगला माणूस असेल तो काय करेल?"

तो विचारात पडला. मग म्हणाला, "वापस देगा."

"वापस देगा. इथे दारात येऊन उभा राहील. म्हणेल, मॅडमना बोलवा, त्यांची वाटी आमच्याकडे राहिलीय. मी कुठून बोलवू?"

"और वो वर्ड डालेगा तो?"

"तो शब्द असला म्हणजे वाटी आता त्याची. ठेवून घे. परत द्यायला कुणी नाही."

एवढं बोललो आणि मी खोक्याकडे बघितलं. इतके दिवस त्या खोकंभर वाट्या मी तिच्याच ठेवल्या होत्या. वाटायला काढल्याच नव्हत्या. उद्या हॉलमधून लोक त्या नेतील आणि त्यांच्या घरी त्यात ताक पितील, पोरं त्यात बिस्किटं बुडवतील, आणि एकही वाटी तिच्याकडे येणार नाही. यायचीच नाहीये. त्यासाठीच तो शब्द असतो. आजवर किती जणांसाठी मी तो घातला असेल, आणि दर वेळी त्यांच्या घरच्यांना सांगायचो, जरा लवकर करा, मागे गिऱ्हाईक आहे.

उझबेकाने नाक ओढलं. मग माझ्यासमोर डबडं सरकवून बसला, रबराच्या तुकड्यावर वाटी उलटी ठेवली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्याची बोटं ही जाड. मी म्हटलं, बोट काढ, सुई लागेल. म्हणाला, नो वरीज.

मी बटण दाबलं आणि का काढला.

"ये क्या?"

"का."

"का," तो म्हणाला. पुढे ल. पुढे क. प्रत्येक अक्षराला थांबवून विचारायचा, जणू परीक्षा आहे. थि काढला तेव्हा खूश झाला. "इस का भी हॅट!"

"आमच्यात बहुतेकांना असते."

शेवटचा त काढून मी सुई उचलली. फुंकर मारली. वाटी उजेडात धरली. शब्द जागेत बरोबर बसला होता, नावाला कुठे धक्का नाही. मी ती बाजूला ठेवली आणि म्हटलं, "दुसरी दे."

तो देत गेला, धरत गेला. मशीन तापलं की थांबायचो, तेवढ्यात सून चहा ठेवून जायची. चहाच्या कपाला त्यांच्याकडेही 'पियोला' म्हणतात, प्याल्यासारखंच, हे मला तेव्हा कळलं. उन्हं गेल्यावर त्याची शिफ्ट होती. झारा काखेत मारून गेला. जाताना दारातून ओरडला, "ओता, टुमारो कितने बजे?" मी हॉलची वेळ सांगितली.

मुलगा आला तेव्हा खोक्याच्या तळाशी थोड्या वाट्या उरल्या होत्या. तो गाडीची किल्ली हातात घेऊनच आला होता. लेझरवाल्याकडे न्यायच्या तयारीने. त्याने झालेली एक वाटी उचलली, उलटी केली, वाचली. किल्ली खिशात ठेवली.

"बाबा."

"काय?"

"आई असती तर बोलली असती."

"काय बोलली असती?"

"तुमच्या त चा पाय लुळा पडतो. डबे घासताना दर वेळी म्हणायची. बघा रे, एवढी वर्षं नावं घालतात, पण यांच्या त ला काही उभं राहता येत नाही."

"मला कधी म्हणाली नाही."

"तुम्हाला कशाला म्हणेल? आम्हाला म्हणायची. तुमच्यासमोर म्हटलं असतं तर तुम्ही मशीन फेकून दिलं असतं."

मी वाटी त्याच्या हातातून घेतली. चष्मा पुसला. खरंच लुळा होता. खाली येता येता डावीकडे कलायचा, दमल्यासारखा. दुसऱ्या वाटीवर बघितलं, तिच्यावरही तसाच. आयुष्यभर मी घातलेल्या हजारो भांड्यांवर तो तसाच पडलेला असणार, आणि तिने ते घासताना बघितलं असणार.

"हसायची का?" मी विचारलं.

"खूप."

मुलाने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि समोर बसून वाटी धरली. उरलेल्या वाट्यांवर मी त सरळ उभा करायचा प्रयत्न केला. नाही आला. रविवारी सगळ्या वाटल्या.